आईच्या रकान्यातलं नाव

शाळेच्या ऑफिसात खिडकीशी बसून मी गेली बावीस वर्षं लोकांना परत पाठवते आहे. “आधारवर नाव वेगळं, दाखल्यावर वेगळं. आधी एक करून आणा, मग या.” हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. कुणाच्या आईचं नाव लिहायचं राहिलेलं असतं, कुणाच्या बापाचं आडनाव दोन कागदांवर दोन. विड्या वळणाऱ्या बायका हातातलं काम टाकून आलेल्या असतात. खिडकीचा गज धरून विचारतात, “मॅडम, आता कुटं जायचं वो?” मी सांगते, नीट सांगते, पण माझा तोरा असा, जणू माझे स्वतःचे सगळे कागद जन्मापासून घडी घालून, इस्त्री करून कपाटात ठेवलेत.

मग माझ्या लेकीचा जन्मदाखला काढायची वेळ आली आणि तोरा उतरला.

लेक नर्स आहे. शिकली सोलापुरातच. तीन वर्षं इथल्याच एका दवाखान्यात पाळ्या केल्या आणि पाळी सुटली की जर्मनच्या क्लासला. भांडी घासतानासुद्धा ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि माझी सासू मला हळूच विचारायची, “पोरीला कुनी काय केलंय का गं?” परीक्षा झाल्या, एकदा नापास झाली, पुन्हा बसली, पास झाली. शेवटी तिकडच्या एका हॉस्पिटलानं तिला घ्यायचं ठरवलं. त्यांनी नर्सिंगचं सर्टिफिकेट, मार्कलिस्टा आणि जन्मदाखला मागितला. नुसते कागद नाहीत, अपोस्टिल केलेले.

हा शब्द आमच्या घरात नवा होता. कलेक्टर कचेरीसमोरच्या बोळात एक बाई झेरॉक्स, टायपिंग आणि अशी परदेशची कामं करते. घरच्यांशी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, फोनवर हिंदी. तिनं दोन मिनिटांत समजावलं. “हा कागद खरा आहे असं आपल्या सरकारनं त्यांच्या सरकारला सांगायचं. आधी मुंबईला मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीहून कागदाच्या पाठीवर स्टिकर. ते लोक तेवढा स्टिकर बघतात.”

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. माल परदेशी जातो, त्यामुळे लेबलं आणि स्टिकर हा त्यांचा प्रांत. “एवढ्याशा स्टिकरला महिना?” ते म्हणाले.

“टॉवेल नाही दादा, माणूस जाणार आहे,” बाई म्हणाली.

तिचं पाकीट दर शनिवारी मुंबईला जायचं. लेकीला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळालेली होती. ती हुकली तर पुढची कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं, आणि हॉस्पिटल काही तिच्यासाठी जन्मभर थांबणार नव्हतं. म्हणजे येत्या शनिवारी सगळे कागद पाकिटात पडायलाच हवे होते. सर्टिफिकेट तयार, मार्कलिस्टा तयार. राहिला जन्मदाखला. तो आम्ही कधी काढलाच नव्हता. शाळेत घालताना खिडकीच्या आत मीच बसलेली, आणि पासपोर्टला शाळा सोडल्याचा दाखला चालून गेला होता.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे लेक जन्मली केमजवळच्या माझ्या गावी आणि नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. नोंदवायला गेले होते माझे वडील. त्यांना मी बापू म्हणायचे.

बुधवारी आम्ही दोघं सकाळच्या रेल्वेनं केमला उतरलो आणि वडापच्या जीपनं गावात गेलो. माहेरच्या घराला कुलूप. आई आणि बापू जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ चाकणला कंपनीत. मी कुलपाकडे बघितलं नाही, सरळ पंचायतीत शिरले.

ग्रामसेवक तरुण होता, पण कामाचा. त्यानं लाल फडक्यात बांधलेली जुनी रजिस्टरं काढली, फुंकर मारली, साल विचारलं, महिना विचारला आणि बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला. “सापडलं,” म्हणाला. मग जरा घुटमळला. “मॅडम, तुमचं नाव काय म्हणालात?”

मी पुन्हा सांगितलं. त्यानं वही माझ्याकडे फिरवली.

बाळाचं नाव बरोबर. बारसं झाल्यावर गेले होते ना बापू. वडिलांच्या रकान्यात ह्यांचं नाव, आडनावासकट, बरोबर. आणि आईच्या रकान्यात मी होते, पण माहेरची. माझं लग्नाआधीचं नाव, पुढं बापूंचं नाव, त्यापुढं बापूंचं आडनाव. लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली, मांडीवर पोर, आणि कागदावर मी अजून बापूंच्याच घरात.

हे वाकून बघत होते. “म्हणजे कागदोपत्री माझं लग्नच झालेलं नाही,” म्हणाले. ग्रामसेवक हसला. मीही हसले असते. पण त्या ओळीच्या शेवटी, माहिती देणाराच्या रकान्यात, बापूंची सही होती.

बापू शाळेत गेले नाहीत. मोठेपणी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते सही शिकले, आणि तेवढंच शिकले. एकेक अक्षर सुटं, काना कुठच्या कुठं पडलेला. सही करताना त्यांची जीभ जरा बाहेर यायची आणि सही झाली की ते कागद लांब धरून तिच्याकडे बघायचे. आईच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांना कुणी विचारलं असेल. त्यांनी, ह्यात काय विचारायचं, अशा आवाजात आपल्या लेकीचं नाव सांगितलं असेल. दुसरं नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते त्यांना माझं वाटलंच नसणार.

ते दुसरं नाव मला लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. हल्लीच्या पोरी नाही म्हणतात. तेव्हा विचारत कोण होतं? माझ्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता, कारण माझं आणि सासूचं नाव एकच निघालं. एका घरात त्या नावाच्या दोघी चालायच्या कशा? सासूला कुणी नावानं हाक मारत नाही ही गोष्ट वेगळी, पण सुनेला मारलेली हाक सासूला लागणार. थोरल्या नणंदेनं एक नाव सुचवलं, ह्यांनी ते लिहिलं, कुणीतरी मोठ्यानं वाचलं, साखर वाटली. दोन मिनिटांचं काम.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगते, नवी साडी मिळाल्यासारखंच वाटलं. जुनं नाव माहेरी होतं, गेलं की तिथं मिळायचं. मी एसटीतून उतरून वळणावर दिसले की बापू अंगणातूनच त्या नावानं हाक मारायचे, निम्म्या गावाला कळेल अशी. मग आई गेली, बापू गेले. भाऊ पहिल्यापासून ताई म्हणतो. एक दिवस ते नाव संपलं आणि मला कळलंसुद्धा नाही.

सासूवर मात्र माझा एक बारीक राग राहून गेला. ती वाईट बाई नव्हे, कजाग तर मुळीच नव्हे. पण भाकरीच्या जाडीवरून आणि चटणीतल्या लसणावरून आमची जुंपायची, आणि जुंपली की मनात कुठंतरी यायचं, माझं नावसुद्धा हिनंच अडवून ठेवलंय. ते नाव कुणाला वापरायला मिळत नव्हतं, ना तिला ना मला. नुसतं पडून होतं.

“सोपं काम आहे,” ग्रामसेवक म्हणाला. “दुरुस्तीचा अर्ज लिहा, लग्नाचा पुरावा जोडा. मी समासात शेरा मारतो आणि नवा दाखला छापून देतो. त्यावर तुमचं आत्ताचं नाव येईल.”

“आणि हे?” मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे वहीत राहील. दाखल्यावर येणार नाही.”

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. मी माझ्या खिडकीतून लोकांपुढं सरकवते तसाच. मी पेन उघडलं, ‘मी खाली सही करणार’ इथवर लिहिलं आणि हात पुढं जाईना. बापूंनी एवढे कष्ट घेऊन, जीभ बाहेर काढून, सही करून मला तिथं ठेवून घेतलंय आणि मी अर्ज देऊन स्वतःला तिथून उठवते आहे, असं वाटलं. मला रडू आलं. ग्रामपंचायतीत, परक्या माणसासमोर, पन्नाशीच्या बाईला. ग्रामसेवक पाणी आणतो म्हणून बाहेर गेला, ते त्यानं चांगलं केलं.

“मी अर्ज देणार नाही,” मी म्हटलं.

“अगं, पोरीचं जायचंय.”

“माहीत आहे. जसा आहे तसा दाखला घ्या.”

जसा होता तसा दाखला घेतला. मराठी आणि इंग्रजीत छापलेला, सहीशिक्क्याचा, आणि त्यावर मी कुमारी. परतीच्या गाडीत हे कुर्डुवाडीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. कुर्डुवाडीला भजी घेतली आणि अर्धी माझ्यापुढं ठेवली. पुढं सोलापूर येईपर्यंत तेवढाच संवाद झाला.

घरी लेकीनं दाखला वाचला, पुन्हा वाचला, मग आपला पासपोर्ट काढून शेजारी ठेवला. पासपोर्टवर आईचं नाव एक, दाखल्यावर दुसरं. “आई, हे नाही चालणार. ते विचारतील ही कोण बाई?”

“ही तुझी आई.”

“मला माहीत आहे गं. त्यांना कसं कळणार?” मग ती थांबली, आणि मला लागेल हे कळत असूनही म्हणाली, “आणि त्या नावानं आता तुला हाक तरी कोण मारतं? त्यासाठी माझं सगळं अडकवणार आहेस?”

बरोबर होतं तिचं. म्हणूनच मी आवाज चढवला. तुझ्या आजोबांनी, तुझ्या आजोबांनी, एवढंच दोनदा ओरडले, ताट आपटलं आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. तीन वर्षं ही पोर पाळी करून, डोळे चोळत क्लासला जात होती, आणि शेवटच्या पायरीवर मीच तिच्या वाटेत आडवी पडले होते. बादली भरून वाहायला लागेपर्यंत मी ठरवलं, उद्या रजा टाकायची, पहिल्या गाडीनं गावी जायचं आणि अर्ज देऊन टाकायचा. बापू असते तर त्यांनीच दिला असता. नातीसाठी दिलाच असता.

बाहेर आले तर लेक लॅपटॉप उघडून बसलेली. “मी हॉस्पिटलला मेल केलाय,” माझ्याकडे न बघता म्हणाली. “आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात, आडनावच नाही, पहिलंसुद्धा, असं लिहिलंय. काय करू ते विचारलंय. उद्या उत्तर नाही आलं तर मग दे अर्ज.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एरवी केस विस्कटतात म्हणून झटकते, तेव्हा झटकला नाही.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. तिनं शाळेत फोन करून मला वाचून दाखवलं, मुद्दाम आधी जर्मनमधून, मग मराठीतून. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, त्यालाही अपोस्टिल करा, आम्हाला चालेल. त्या वेळी माझ्या खिडकीत एक बाई उभी होती, तिच्याही कागदावर नावाचा घोळ होता. तिला मी आत बोलावलं, खुर्ची दिली आणि तिचा अर्ज मीच लिहून दिला. ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघत होते.

झेरॉक्सवाल्या बाईनं संध्याकाळी प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून ठेवला. “दोन साक्षीदार आणा,” म्हणाली. “तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारे. एक दादा झाले. दुसरं माहेरचं कुणी, नाहीतर लग्नात हजर असलेलं. उद्या चारच्या आत. नोटरी करणारे वकीलसाहेब नंतर बसत नाहीत.”

भावाला फोन केला. त्याला रविवारशिवाय सुट्टी मिळेना. थोरली नणंद वारलेली. शेजारीपाजारी सगळे मला नव्या नावानंच ओळखणारे. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनमधली नावं खालीवर करत होते आणि बाहेरच्या खाटेवरून आवाज आला.

“मी येते की.”

सासू. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडची तीच रीत. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही गुडघे गेलेले, दारापर्यंत जायचं तर भिंतीला धरून. बुधवारपासून घरात चाललेलं सगळं त्यांनी खाटेवरून ऐकलं होतं आणि एक अक्षर बोलल्या नव्हत्या, जे त्यांच्या स्वभावात बसत नाही.

“तुम्ही कशा याल आत्या? तिथं पायऱ्या आहेत.”

“चढंन, न्हायतर तुज्या नवऱ्याच्या पाठीवर बसंन. लग्नात मी हुते. तुजं नाव माज्यापायी बदललं. माज्यापरीस कुनाला ठावं हाय?”

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा आलं. मी त्यांचं इरकली लुगडं ट्रंकेतून काढलं आणि उशाशी ठेवलं.

शुक्रवारी तीनला आम्ही झेरॉक्सच्या दुकानासमोर रिक्षातून उतरलो; वकीलसाहेब तिथंच बसायचे. पायऱ्या चारच होत्या, पण आत्यांना एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं मी, असं करत वर न्यायला बराच वेळ लागला. लेक दवाखान्यातून परस्पर आली होती, पांढऱ्या कपड्यांतच. वकीलसाहेब म्हणजे आत्यांच्याच पिढीला टेकलेले, जाड भिंगांचे, मऊ बोलणारे. त्यांनी आत्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले.

“आजी, ह्या बाईंना ओळखता?”

“सून हाय माजी.”

“त्यांचं लग्नाआधीचं नाव काय?”

आत्यांनी सांगितलं. माझं नाव, पुढं बापूंचं, पुढं माहेरचं आडनाव, एका दमात.

“आणि लग्नानंतरचं?” त्यांनी तेही सांगितलं.

“दोन्ही नावं एकाच बाईची ना?”

“दोन असत्या तर माजं काय खरं हुतं? एकच हाय आनि तीच मला पुरं झाली.” वकीलसाहेब खळखळून हसले. हेही हसले, जरा जास्तच.

मग झेरॉक्सवाल्या बाईनं कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, “आजी, आता तुमचं नाव सांगा. साक्षीदारात टाकायचंय.”

आत्या गप्प. आम्हाला वाटलं ऐकू गेलं नाही. लेक त्यांच्या कानाशी वाकली. “आज्जी, तुझं नाव विचारतायत.”

“ऐकलं की,” आत्या म्हणाल्या. “कंचं सांगू? हितलं, का माज्या आईनं ठिवल्यालं?”

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. “आई, तुझं दुसरं नाव होतं?”

“दुसरं न्हाय,” आत्या म्हणाल्या. “पयलं.”

आणि त्यांनी ते सांगितलं. कानडी नाव, लांबलचक, मधल्या जोडाक्षरावर जीभ जरा रेंगाळावी असं. ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. आत्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी, हे आम्हाला माहीत होतं. रागावल्या की त्या कानडीतच शिव्या देतात. पण त्यांचं नाव त्यांच्या सासरी आल्यावर पडलेलं आहे, हे पोटच्या मुलाला माहीत नव्हतं. त्यांचे भाऊ यायचे ते अक्का म्हणायचे, आणि आम्ही त्यापुढं कधी विचार केला नव्हता.

“माजी सासू म्हनली, ह्ये नाव आमच्या जिभंला वळत न्हाय,” आत्या सांगत होत्या, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तशा. “तांदळावर दुसरं लिवलं. मला कुटं वाचता येतंय? चवदा वर्साची हुते. नंदेनं कानात सांगितलं, आजपासनं तुला ह्ये म्हनत्यात. आनि तेबी कुनी म्हनलं न्हाय. आदी सूनबाई, मंग आई, मंग आज्जी.”

“मला कधी सांगितलं नाहीस,” हे म्हणाले.

“तू कदी इचारलंस?”

मी आत्यांच्या खुर्चीमागं उभी होते, त्यामुळे माझं तोंड त्यांना दिसलं नाही, हे बरं झालं. म्हणजे माझं नाव ज्यांच्यासाठी काढून घेतलं, त्यांचंही ते नव्हतं. आणि मी तीस वर्षं त्यांच्यावर मनातल्या मनात दात ओठ खाल्ले. माझं नाव निदान एका वहीत होतं. बापूंनी लिहून ठेवलं होतं. त्यांचं कुठंच नव्हतं. आत्या, मला माफ करा, असं म्हणायचं होतं. वकिलासमोर ते कसं म्हणणार? मी त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

“आजी, आधारवरचंच टाकावं लागतं,” झेरॉक्सवाली बाई हळू आवाजात म्हणाली. तिला ते सांगायला जड जात होतं.

“टाक की. मला कुटं जर्मनीला जायाचंय? हिचं जाऊ दे म्हंजी झालं,” आत्यांनी लेकीकडं हनुवटी उडवली. मग अंगठा पुढं केला. लेकीनंच तो शाईत टेकवला, कागदावर दाबला आणि आपल्या रुमालानं पुसला, फार वेळ पुसत राहिली.

मला दोन सह्या करायच्या होत्या, दोन्ही नावांनी. नवी झाली नेहमीच्या झटक्यात. जुनी करताना मला पहिलं अक्षर कसं काढायचे तेच आठवेना. शेवटी सुटी सुटी अक्षरं काढली. बापूंच्या सहीपेक्षा काही फार बरी आली नाही.

रिक्षात आत्या आणि मी मागं, हे ड्रायव्हरशेजारी. लेक पुन्हा दवाखान्यात गेली. मी विचारलं, “त्या नावानं शेवटी कुणी हाक मारली तुम्हाला?”

“आईनं. म्या पयल्या बाळंतपनाला गेलते तवा. मंग ती गेली.”

“मी मारू का?”

“गप. सुनंनं सासूला नावानं हाक मारायची व्हय? लोक शेन घालतील तोंडात.” पण त्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

शनिवारी पाकीट गेलं. तीन आठवडे लेकीनं रोज झेरॉक्सवाल्या बाईला फोन केला आणि बाईनं रोज न चिडता उत्तर दिलं. कागद आले तेव्हा सगळ्यांत आधी आम्ही ते उलटे केले. पाठीवर खरंच तेवढासाच स्टिकर, नंबराचा. ह्यांनी नखानं कोपरा तपासला आणि “चिकटवलाय बरा,” असं प्रमाणपत्र दिलं. एक स्टिकर जन्मदाखल्यावर, जिथं मी बापूंची लेक आहे. एक प्रतिज्ञापत्रावर, जिथं मी दोन्ही आहे आणि खाली आत्यांचा अंगठा आहे. मुलाखत झाली, व्हिसा आला. ज्या दिवशी लेक निघाली त्या दिवशी आत्यांनी तिला दाराशी जवळ ओढलं आणि विचारलं, “तितं तुजं नाव न्हाई ना गं बदलत कुनी?” लेक म्हणाली, “नाही गं आज्जी, तिथं माझं नाव छातीवर लावून फिरायचंय.” मग दोघी रडल्या. मी जिन्यात बॅगा उतरवत होते, मी नंतर रडले.

घर एकदम मोठं झालं. आठ दिवस मी सवयीनं चौथी भाकरी थापत होते. एका दुपारी हे कारखान्यात, शाळेला सुट्टी, मी मागच्या दाराशी कपडे वाळत घालत होते. आतून आत्यांनी हाक मारली.

माझं माहेरचं नाव.

मला वाटलं, म्हातारीला भास झाला. स्वतःलाच हाक मारतायत. मी चिमटा हातात धरून तशीच उभी राहिले. पुन्हा हाक आली, या वेळी चिडलेली. मी आत गेले. आत्या खाटेवर बसलेल्या, समोर सुपात ज्वारी.

“कवाची वरडतीया. कान गेलं का?”

“कुणाला हाक मारताय आत्या? हे तर तुमचं नाव.”

“माजं न्हाय त्ये. माजं येगळं हाय, तुला ठावं हाय. ह्ये तुजं. म्या इतकी वर्सं वापरलं, आता घे.” आणि सूप जरा पुढं ढकलत म्हणाल्या, “आनि ह्ये निवडू लाग. मला खडं दिसना झाल्यात.”

मी खाली बसले नाही. मला बसवेना.

“परत एकदा मारा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वर करून, अंगणातून वळणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं मारली. मी समोरच उभी होते, दोन हातांवर, तरी मी ओ दिली.